प्रकल्प व्यवस्थापन लिपिकालाही शिकवावे: मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: शासनाच्या सर्व स्तरांवरील कर्मचाऱ्यांना प्रकल्प व्यवस्थापनाचे मूलभूत प्रशिक्षण देण्याबाबत.

महोदय,

राज्यातील सार्वजनिक कामे का रखडतात याची चर्चा बहुधा निधी, भूसंपादन, कंत्राटदार आणि राजकीय इच्छाशक्ती यांच्याभोवती फिरते. ही कारणे खरी आहेत, परंतु त्यांच्या आड आणखी एक कारण दडून राहते. कामाचा फार मोठा वेळ प्रत्यक्ष बांधकामात जात नाही. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना, म्हणजे कामाच्या सांध्यांवर खर्च होतो. हे सांधे ज्यांच्या हाती असतात ते कनिष्ठ लिपिक, लेखा शाखेतील सहायक, कनिष्ठ अभियंता आणि ग्रामपंचायत अधिकारी आपापला नियम नीट जाणतात. मात्र आपल्या हातातील कागदावर पुढे कोणाचे काम अडून बसले आहे, हे त्यांना शासनाने पद्धतशीरपणे कधी शिकवलेले नाही. ते शिकवावे आणि सर्वांना शिकवावे, हे या पत्राचे म्हणणे आहे.

प्रकल्प म्हणजे ठरावीक सुरुवात, ठरावीक शेवट आणि ठरावीक फलित असलेले, एकदाच करावयाचे काम; नित्याचे काम त्याहून वेगळे असते, कारण ते दररोज त्याच रीतीने पुन्हा करावयाचे असते. शासकीय सेवेतील पारंपरिक शिक्षण नित्याच्या कामासाठी घडलेले आहे. नस्ती कशी ठेवावी, टिपणी कशी लिहावी, सेवानियम व वित्तीय नियम कोणते, एवढ्यावर सेवाप्रवेशोत्तर परीक्षांचा भर असतो, आणि तो योग्यही आहे. परंतु आजच्या जिल्हा परिषदेतील वा तालुका कार्यालयातील कर्मचाऱ्याचे वर्ष रस्ता, शाळाखोली, घरकुले, पाणीपुरवठा योजना आणि अभिलेखांचे संगणकीकरण अशा प्रकल्पांतच जाते. नित्यकामाच्या शिस्तीवर प्रकल्प रेटला की प्रत्येक टेबल आपल्यापुरते निर्दोष राहते आणि काम मात्र दोन पावसाळे उलटले तरी अपुरेच राहते.

या विद्येचा इतिहास पाहिला तर तिचा जन्म नेमक्या याच अडचणीतून झाल्याचे दिसते. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने १९१० च्या दशकात कामे आडव्या पट्ट्यांनी कालरेषेवर मांडण्याची रीत रूढ केली. आजही बांधकामाच्या कचेरीत भिंतीवर लावलेला पट्ट्यांचा तक्ता त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९५७ साली ड्यूपाँ या रसायन कंपनीत निर्णायक मार्गाची पद्धत आकाराला आली, तर १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी पर्ट ही तिच्या जवळची पद्धत तयार झाली. पोलारिसमध्ये असंख्य कंत्राटदार वेगवेगळे भाग घडवत होते, आणि प्रत्येक भागाचे अभियांत्रिकी ज्ञान उपलब्ध असूनही कोणाचा विलंब कोणाला अडवेल हे समजण्याचे साधन हाताशी नव्हते. ते साधन म्हणजेच ही पद्धत होय. तिला उच्च गणित लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि ‘हे झाल्याशिवाय ते होत नाही’ हे ओळखण्याची सवय एवढ्यावर तिचा पाया उभा आहे.

जलजीवन मिशनखालील एका लहान गावाची नळपाणी योजना घेतली तर हे स्पष्ट होईल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे लक्ष्य २०२४ पर्यंत ठेवले होते, आणि पुढे केंद्र सरकारने ही मुदत २०२८ पर्यंत वाढवली. अशा योजनेत उद्भव विहीर, पंप, दाबनलिका व वितरण नलिका, उंच जलकुंभ आणि वीजजोडणी अशी मुख्य अंगे असतात. समजण्याच्या सोयीसाठी असे धरू की विहिरीला ९० दिवस, तीवर पंप बसवण्यास १५ दिवस, नलिका टाकण्यास १०० दिवस, जलकुंभास १५० दिवस, वीजजोडणीस अर्जापासून १२० दिवस आणि सर्व अंगे पूर्ण झाल्यावर चाचणीस १५ दिवस लागतात. कार्यारंभ आदेश मिळताच ही कामे एकाच वेळी सुरू झाली तर सर्वांत लांब साखळी जलकुंभ आणि चाचणी यांची ठरते व योजना १६५ दिवसांत पूर्ण होते. या सर्वांत लांब साखळीलाच निर्णायक मार्ग म्हणतात: तिच्यातील एक दिवसाचा उशीर म्हणजे संपूर्ण योजनेला एक दिवसाचा उशीर. उरलेल्या कामांना थोडी सवड असते. नलिकांना ५० दिवसांची, विहीर व पंप यांना मिळून ४५ दिवसांची आणि वीजजोडणीला ३० दिवसांची.

आता प्रत्यक्ष व्यवहारात काय घडू शकते ते पाहावे. पंप बसल्यावर वीज मागावी, असा अनेक ठिकाणचा सहज क्रम असतो, कारण नस्तीत कागद त्याच क्रमाने लागत जातात. मग महावितरणकडे अर्ज १०५ व्या दिवशी जातो, त्यानंतर कोटेशन येते, ते भरण्यासाठी रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून द्यावी याची विचारणा होते, खांब व रोहित्राचे अंदाजपत्रक बनते आणि वीज २२५ व्या दिवशी पोहोचते; चाचणी धरून योजना २४० व्या दिवशी संपते. कोणी आळस केला नाही, कोणी लाच मागितली नाही, कंत्राटदार पळाला नाही, तरीही ७५ दिवस गेले, आणि हे दिवस जर उन्हाळ्यात आले तर तेवढे दिवस गावाने टँकरची वाट पाहिली. विहिरीची जागा निश्चित होऊन तिचे बक्षीसपत्र झाले त्याच आठवड्यात वीजजोडणीचा अर्ज करण्याचे ज्याला सुचायला हवे होते, तो माणूस कार्यकारी अभियंता नव्हे. पत्रव्यवहार सांभाळणारा लिपिक किंवा ग्रामपंचायत अधिकारी आहे. कार्यकारी अभियंत्याकडे अशा योजनांचा ढीग असतो, आणि प्रत्येकीतील प्रत्येक पत्राची तारीख त्याने डोक्यात ठेवावी ही अपेक्षाच अवास्तव आहे.

याच ठिकाणी कायद्याची आणि प्रशिक्षणाची भूमिका वेगळी होते. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम असे सांगतो की कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. हा नियम मोलाचा आहे. परंतु तातडीच्या नस्त्यांना कमी मुदत देण्यापलीकडे तो कामाच्या क्रमाचा विचार करत नाही. वरच्या उदाहरणात वीजजोडणीचा अर्ज तीस दिवस थांबला असता तरी योजनेचे काही बिघडले नसते, तर जलकुंभाच्या रेखाचित्राला द्यावयाची मंजुरी एक दिवसही थांबणे परवडणारे नव्हते. सात दिवसांच्या आत निघालेला, पण चुकीच्या क्रमाने निघालेला कागद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आणि कामाच्या दृष्टीने घातक असू शकतो. कोणत्या कागदाला सवड आहे आणि कोणत्याला नाही हा विवेक कायद्याने येत नाही. तो शिकवावाच लागतो.

त्याच अधिनियमाने अधिकाऱ्यांचा एका पदावरील सामान्य कार्यकाल तीन वर्षांचा ठरवला आहे, आणि मोठ्या कामांचे आयुष्य त्याहून कितीतरी मोठे असते. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपये धरलेला त्याचा खर्च पुढे सुधारित मान्यतांमधून अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळूनही त्याची कामे दीर्घकाळ चालू राहिली. या वाढीमागे महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, कामाच्या व्याप्तीतील बदल अशी अनेक कारणे आहेत, आणि एकट्या प्रशिक्षणाने ती टळली असती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु एवढ्या काळात किती अभियंते, किती भूसंपादन अधिकारी, किती लेखाधिकारी आले आणि गेले असतील, याचा विचार केला म्हणजे प्रकल्पाची स्मृती नेमकी कोठे साठवली जाते, हा प्रश्न टाळता येत नाही.

बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना जी चार्जयादी तयार होते तिच्यात कपाटे, शिक्के, धनादेश पुस्तिका, मोजमाप पुस्तिका, प्रलंबित नस्त्यांची संख्या यांची नोंद काटेकोरपणे असते. मात्र कोणत्या शेतकऱ्याशी मोबदल्याची बोलणी कोणत्या टप्प्यावर थांबली, कोणता पर्याय का नाकारला गेला, कंत्राटदाराला तोंडी काय सांगितले गेले आणि पुढील सहा महिन्यांत कोणते संकट उभे राहण्याचा संभव आहे, हे त्या यादीत क्वचितच उतरते. प्रकल्प व्यवस्थापनात यासाठी जोखीम नोंदवही नावाचे साधे साधन वापरतात: काय बिघडू शकते, ते बिघडण्याची शक्यता किती, बिघडले तर परिणाम किती आणि त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या चार रकान्यांची ही वही असते. अधिकारी बदलतो, पण त्याच कार्यालयातील लिपिक आणि शाखा अभियंता पुष्कळदा मागे राहतात. ही वही त्यांना भरता आली तर नव्या अधिकाऱ्याचे पहिले काही महिने पूर्वीचेच प्रश्न नव्याने शोधण्यात जाणार नाहीत.

पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत सुधारित प्रशासकीय मान्यतेला सर्रास ‘सुप्रमा’ म्हणतात. या संक्षेपाची एवढी गरज पडावी यातच बरेच काही आले. प्रत्येक सुप्रमा अनाठायी नसते. परंतु तिचा काही भाग असा असतो की ज्याचे मूळ कामाची व्याप्ती, म्हणजे कामात काय येते आणि काय येत नाही, सुरुवातीला लेखी ठरवली नाही यात असते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात मोरी धरली नाही, शाळाखोली मंजूर झाली पण तिच्याकडे जाणारी वाट कोणाच्या मालकीची हे पाहिले नाही, आणि मग काम अर्ध्यावर आल्यावर नवा प्रस्ताव, नवी दरसूची, नवी मान्यता असे चक्र सुरू होते. जागेवर सर्वांत आधी जाणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने आणि गावाची इत्थंभूत माहिती असलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने व्याप्तीचे एक पानी टिपण एकत्र बसून केले तर यातील पुष्कळशा गोष्टी पहिल्याच आठवड्यात दिसतात.

महाराष्ट्रातील कामाचे वर्षही बारा महिन्यांचे नसते. जून ते सप्टेंबर मातीकाम जवळजवळ बंद असते, दिवाळीपर्यंत मजूर पुरेसे मिळत नाहीत, अधूनमधून निवडणुकीची आचारसंहिता येते, आणि ३१ मार्चला निधी व्यपगत होण्याची भीती असते. म्हणजे प्रत्यक्षात नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ हाती उरतो. एप्रिल-मे ही खरे तर कामाची उत्तम मुदत, परंतु नव्या वर्षाचा निधी वितरित होईपर्यंत ती निसटून जाते. मार्चअखेर देयकांची जी झुंबड उडते तिच्याकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, पण मुळात तो नियोजनाचा प्रश्न आहे. ३१ मार्चपासून उलटे मोजत निविदा कोणत्या तारखेला निघाली पाहिजे, त्यासाठी तांत्रिक मान्यता कधी आणि त्याआधी प्रशासकीय मान्यता कधी, असे मांडले तर उत्तर बहुधा पावसाळ्यातच येते. हे गणित लेखा शाखेतील सहायकाला येत असेल तर तो सप्टेंबरमध्येच धोक्याची सूचना देऊ शकतो. आज तो फेब्रुवारीत फक्त तगादा लावतो.

हे सर्व आपल्या भूमीवर अशक्य नाही, याचा पुरावा कोकण रेल्वेने दिलेला आहे. जुलै १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने सुमारे ७४० किलोमीटरचा, नव्वदहून अधिक बोगद्यांचा आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठ्या पुलांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वास नेला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झाले, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती वारंवार ढासळली, मूळ मुदत पाळली गेली नाही. तरीही सह्याद्रीच्या पायथ्यातून आणि खाड्यांवरून जाणारे एवढे काम साडेसात वर्षांत उभे राहिले. महामंडळाचे तत्कालीन प्रमुख ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाचे श्रेय मोठे आहेच, परंतु सगळे यश एका व्यक्तीच्या नावावर मांडून मोकळे होण्यात त्यामागच्या रचनेकडे दुर्लक्ष होते. मार्गाचे सात विभाग करून प्रत्येकाची जबाबदारी एकेका मुख्य अभियंत्यावर सोपवली गेली आणि निर्णय जागेजवळ घेतले गेले. पुढे श्रीधरन यांच्याच नेतृत्वाखालील दिल्ली मेट्रोच्या कामांवर उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावली गेली, ती अभियंत्यांइतकीच इतरांनाही दिसत होती.

राज्य प्रशासनाला याहून जवळची पूर्वपीठिकाही आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी घडी बसवली ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेली, आणि टेबलावरील कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी करण्याची पद्धत आजही कार्यालयांत सांगितली जाते. तिचे सामर्थ्य असे की ती लिपिकाच्या हातात दिली गेली होती, अधिकाऱ्याच्या भाषणात राहिली नव्हती. पुढे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या द्वारे संगणक साक्षरता शासकीय नोकरीची अट बनली. संगणक हा केवळ संगणक विभागाचा विषय आहे असे तेव्हा शासनाने मानले नाही, आणि ते बरोबर होते. प्रकल्प व्यवस्थापनाबाबत मात्र आजही ते अभियंत्यांचे आणि वरिष्ठांचे क्षेत्र आहे अशीच समजूत आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी अभियंत्यांना घडवते, पुण्याची यशदा अधिकाऱ्यांसाठी वर्ग घेते, आणि ज्याच्या टेबलावर दिवस मोजले जातात तो कर्मचारी बहुतेक वेळा या दोन्हींच्या बाहेर राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शासकीय प्रशिक्षण पुष्कळदा उपस्थितीपत्रक आणि प्रमाणपत्र यांपुरते उरते, आणि २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीच्या ऑनलाइन पाठांचेही केवळ चित्रफिती पुढे सरकवण्यात रूपांतर होण्याचा धोका आहे. म्हणून या प्रशिक्षणाचे स्वरूप वेगळे हवे. ते मराठीत असावे, तीन दिवसांहून मोठे नसावे, आणि त्यात खासगी कंपनीची वा परदेशातील उदाहरणे न घेता प्रशिक्षणार्थींनी आपल्याच तालुक्यातील चालू कामाची नस्ती सोबत आणावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुकडी खातेनिहाय नसावी. ज्या गावाची पाणीयोजना मांडावयाची त्या गावाचा ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाचा कनिष्ठ अभियंता, लेखा शाखेतील सहायक आणि महावितरणच्या उपविभागातील माणूस एका टेबलाभोवती बसावेत आणि आपापली कामे चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमाने लावावीत. कोणाची चिठ्ठी कोणाच्या आधी हवी यावरून जो वाद होईल, तोच या वर्गाचा मुख्य धडा असेल. शिपाई आणि वाहनचालक यांना अर्ध्या दिवसाची ओळख पुरेल. मात्र त्यांना वगळू नये, कारण टपाल कोणत्या दिवशी कोठे पोहोचले हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

प्रशिक्षणाच्या जोडीला वरिष्ठांकडून एक गोष्ट अपेक्षित आहे, आणि तिच्याशिवाय बाकी सर्व व्यर्थ आहे. जो लिपिक सप्टेंबरमध्ये लेखी कळवतो की हे काम मार्चपर्यंत होणार नाही, त्याला ‘नकारात्मक’ ठरवून कारणे दाखवा नोटीस मिळणार असेल तर जोखीम नोंदवही कोरी राहील आणि आढावा बैठकीत ‘काम प्रगतिपथावर’ हाच शेरा चालू राहील. वेळेवर दिलेली वाईट बातमी हे कर्तव्यपालन आहे, असे परिपत्रकाद्वारे स्पष्ट करण्याचा अधिकार मुख्य सचिवांच्याच कार्यालयाला आहे.

म्हणून विनंती अशी की यशदा आणि अभियांत्रिकी प्रबोधिनी यांनी मिळून हा तीन दिवसांचा मराठी अभ्यासक्रम तयार करावा, त्याचा समावेश सेवाप्रवेशोत्तर परीक्षेत व्हावा, चार्जयादीत जोखीम नोंदवही सक्तीची करावी, आणि आरंभ एखाद्याच जिल्ह्यात, सर्व तालुक्यांतून व्हावा. वेळ काढता येत नाही, अशी अडचण सांगितली जाईल. परंतु मातीकाम थांबलेले जून ते सप्टेंबर हे महिने त्यासाठी मोकळेच असतात. येत्या पावसाळ्यातील पहिल्या तुकडीच्या यादीत लेखा शाखेतील कनिष्ठ लिपिकाचे नाव अधिकाऱ्याच्या नावाबरोबर असावे, आणि तसा आदेश आपल्या कार्यालयातून निघावा, ही विनंती.